आक्काच्या सीटचा बेल्ट

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आलो. दुकानात चहा आला की मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि प्रत्येकात खोट काढायची — "इथं वायर लूज असणार", "हा गडी जेवला जास्त असणार". माझा धंदा मोटार रिवायंडिंगचा, वडवणीत दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, त्यांची कॉइल भरून देतो. करंट कुणाच्या डोळ्याला दिसत नाही, पण मीटर लावला की काटा हलतो. हलला तर आहे, नाही हलला तर नाही. भूत, भानामती, बाहेरचं... या सगळ्यांना मी जन्मभर एकच प्रश्न विचारला — काटा हलतो का?

आता माझ्यावरच लिहायची पाळी आली. ज्यांना हसायचंय त्यांनी हसा, तुमच्या जागी मी असतो तर मीही सोडलं नसतं. नावं बदलली आहेत. मुलीचं सासर युसूफ वडगावच्या बाजूला आहे एवढंच सांगतो, गाव सांगणार नाही. आणि गाडी शोरूममधून नवीकोरी घेतलेली आहे. आधीचा मालक, त्याचा अपघात वगैरे काही भानगड नाही... हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पहिली शंका तुम्हाला तीच येणार.

घरात मी, बायको मंगल, आमची एकुलती एक पोरगी अश्विनी, म्हणजे आशू, आणि माझी थोरली बहीण आक्का. आक्काला मूलबाळ नव्हतं. ऐन उमेदीत नवरा गेला तेव्हापासून ती आमच्याकडंच. आशूला जन्म मंगलनं दिला पण वाढवलं आक्कानं, हे मंगल स्वतः सांगते. आक्का अंगानं दणकट, आवाज त्याहून दणकट. सकाळी मिश्री लावत ओट्यावर बसली की गल्लीतली सगळी पोरं आपोआप शाळेला निघायची.

गाडीतली पुढची सीट तिची. "मागं बसलं की मळमळतं रे मला," म्हणायची. मळमळ-बिळमळ काही नाही, तिला रस्ता बघायचा असायचा. पण तिच्या बेल्टचं एक नाटक होतं. तिचा डावा खांदा आखडलेला, त्यामुळं बेल्ट ओढता यायचा नाही. गाडी सुटली की टूं-टूं सुरू. हिचं आपलं पदर सावर, पिशवी ठेव, मिश्रीची डबी शोध... मी वैतागायचो. मग मागून आशू पुढं वाकायची, बेल्ट ओढायची, आक्काच्या पोटावरून घेऊन खटकन लावायची. "आत्या, थांब, मी लावते." लहानपणापासून ठरलेलं होतं ते.

लावल्यावर आक्काची पुढची तक्रार — छातीवर दाबतोय, जीव घाबरतोय. म्हणून मी वरच्या कडीपाशी कपडे वाळत घालायचा चिमटा लावून दिला होता. बेल्ट ढिला राहायचा, आक्का खूष. (कुणी असं करू नका. धडक बसली तर तो बेल्ट असून नसल्यासारखा. मला कळत होतं, पण आक्कापुढं कुणाचं चालणार?)

आशूचं लग्न झालं तेव्हा पाठराखीण म्हणून आक्काच गेली. आमच्याकडची रीत अशी की पाठराखीण नवरीबरोबर जाते आणि माहेरचं माणूस न्यायला आलं की नवरीला घेऊनच परत येते. एकटी येत नाही. पण आक्का दुसऱ्याच दिवशी एसटीनं एकटी दारात उभी. व्याही म्हणाले होते, आता जुनं राहिलं नाही, पोरगी इथं सुखात आहे, तुम्ही निघा. आक्का आत आली नाही. उंबऱ्यातच म्हणाली, "मी मोकळ्या हातानं आले रे. पाठराखीण अशी येत नसती." मी हसण्यावारी नेलं. तिनं मात्र तो विषय सोडला नाही. कधीही आशूचं नाव निघालं की, "माझी पाठराखण आर्धी राह्यली," हे वाक्य ठरलेलं.

मागच्या हिवाळ्यात आक्का गेली. दुखणं नाही, खुपणं नाही. आदल्या दिवशी दुकानात येऊन मला म्हणाली, "येत्या आयतवारी गाडी काढ."

"कुठं जायचंय?"

"गाडीत बसल्यावर सांगते."

मला वाटलं अंबाजोगाईला देवीला जायचं असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

आशू दहाव्याला आली आणि राहिली. आज जाईल, उद्या जाईल करता करता उन्हाळा लागला. विचारलं की एकच उत्तर, "काई न्हाई पप्पा." मंगलनं विचारलं तरी तेच. जेवायची नाही धड, बोलायची नाही. आम्हाला वाटलं आत्याचं दुःख आहे. तिकडून जावयांचे फोन सुरू झाले. शेवटी भावकीतली चार माणसं बसली. माझा चुलतभाऊ म्हणाला, "भांड्याला भांडं लागायचंच. तरणी लेक माहेरात किती दिस ठिवतो? लोक काय म्हनतेल?" पोरगी कारण सांगत नव्हती, आणि कारण नसताना ठेवून कसं घ्यायचं हे मला समजत नव्हतं. मी शब्द दिला, सोमवारी आणून पोचवतो. आशू दाराआड उभी होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

आता बेल्टाकडं येतो.

आक्का गेल्यापासून पुढचा बेल्ट वर जातच नव्हता. चिमटा मी काढून टाकला होता, तरीही सोडला की सीटवर साप पडल्यासारखा पडून राहायचा. दार लावताना मध्ये सापडायचा, त्याची किनार काळी पडली होती. जावयाच्या दारात लोंबत्या बेल्टाची गाडी घेऊन जायचं म्हणजे माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याची अब्रू. रविवारी दुकानासमोर गाडी लावली आणि बसलो.

पहिल्यांदा वाटलं आतली स्प्रिंग गेली. बेल्ट जातो त्या दारामागच्या खांबाचं खालचं प्लॅस्टिक काढून पाहिलं तर स्प्रिंग ठणठणीत. दोष बेल्टातच होता. पूर्ण ओढून काढला तेव्हा कळलं, वरच्या कडीतून जातो तिथं काळं मेण साचल्यासारखा थर बसला होता. खोबरेल, घाम, धूळ आणि आक्काची मिश्री. पट्टीला हात लावला की बोट चिकटत होतं, मग ती कडीतून सरकणार कशी? कोमट पाण्यात शाम्पूची पुडी फोडली, जुन्या ब्रशनं बेल्ट धुतला. पाणी चहासारखं निघालं. वास आला मिश्रीचा... आणि खरं सांगतो, हात थांबला. असं वाटलं की आक्काचं घरात उरलेलं तेवढंच आपण धुऊन टाकतोय. मंगल बाजूला उभी होती, ती आत निघून गेली.

ओला बेल्ट आत जाऊ नये म्हणून चिमटा लावून दिवसभर उन्हात वाळवला. कडीतला थर कापड ओढून ओढून काढला, सिलिकॉनचा फवारा मारला. संध्याकाळी चिमटा काढला आणि हात सोडला. सर्रकन वर. पुन्हा ओढला, पुन्हा सर्रकन. मंगलला बोलावून दाखवलं. "झालं का तुमचं समाधान?" म्हणाली. झालं होतं. तो बेल्ट पक्का दुरुस्त झाला होता, यावर मी आजही पैज लावायला तयार आहे.

सोमवारी सकाळचं जेवण करून निघालो. फक्त मी आणि आशू. मंगल येणार होती, ऐन वेळी म्हणाली, "मला तिला तिथं सोडून येनं व्हनार न्हाई." आशूनं पुढं बसावं म्हणून मी दार उघडलं, पण ती मागं जाऊन बसली. बॅग आणि कुरडयांचा डबा डिकीत. पुढची सीट पूर्ण रिकामी होती. पिशवी, पाण्याची बाटली, काही म्हणजे काही नाही. मोबाईलसुद्धा माझ्या खिशात. हे तुम्ही विचारणार म्हणून लिहितो, कारण सीटवर वजन असलं आणि बेल्ट नसला तरच गाडी बोंबलते.

तेलगाव गेलं, धारूरचा घाट गेला. घाटात बेल्ट अडकतो, उतारावर लॉक होतो, तो त्याचा गुणच आहे. तिथं काही झालं असतं तर मी लक्षही दिलं नसतं. पण घाटात काहीच झालं नाही. केजमध्ये रसवंतीवर थांबलो. आशूनं ग्लास हातात धरून ठेवला, प्यायली नाही. मी म्हणालो, "बरं व्हईल सगळं." तिनं ग्लास परत ठेवला.

केज सोडलं. सपाट रस्ता, टळटळीत ऊन, दोन्हीकडं नांगरलेली रानं. युसूफ वडगावकडं वळायचं म्हणून मी गाडी हळू केली, स्टेअरिंग फिरवलं... आणि टूं-टूं सुरू झालं.

मी आधी माझा बेल्ट चाचपला. लावलेला. समोरच्या पट्टीवर बघितलं तर लाल दिवा बाजूच्या सीटचा. मनात म्हणालो, दुरुस्ती करताना सीटखालचा जोड हललाय. मी अजून विचारच करतोय तोवर आशू मागून पुढं वाकली, बेल्ट ओढला आणि खटकन लावला. तिच्या तोंडून निघूनही गेलं, "आत्या, थांब, मी लावते."

टूं-टूं बंद.

ती वाकलेलीच राहिली. मी आरशात तिचा चेहरा पाहिला. आपण काय बोललो हे तिला तेव्हा कळलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "सवय हाय बाई तुजी." आणि डावीकडं पाहिलं.

रिकाम्या सीटवर बेल्ट लावला तर तो काय करतो? मागची स्प्रिंग ओढून घेते, आणि तो पाठीला चिकटून बसतो. आदल्या संध्याकाळीच मी लावून पाहिला होता, तसाच बसला होता. आता तो बसलेला नव्हता. सीटपासून चांगला वीतभर पुढं उभा होता. खांद्यावरून खाली, छातीपाशी फुगून, पोटापाशी आणखी पुढं... जसा आक्काच्या अंगावर असायचा तसा. मध्ये काही नव्हतं. बेल्टामागची सीट मला स्वच्छ दिसत होती.

गाडी कडेला कशी घेतली ते आठवत नाही. इंजिन बंद केलं. बेल्ट तसाच. मी बोटानं दाबून पाहिलं. ढिला असता तर आत गेला असता. तो गेला नाही. नव्यानं ताणलेल्या बाजेच्या सुंभासारखा लागला हाताला. आणि हात त्यावर असताना मला जाणवलं की तो हलतोय. थोडा पुढं, थोडा मागं. इंजिन बंद, रस्त्यावर वाहन नाही, वारा नाही. माणूस श्वास घेतो तसा हलत होता.

मी हात काढून घेतला. बक्कलचं लाल बटण दाबलं. बटण आत गेलं पण बेल्ट सुटला नाही. अंगठ्यानं दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. नाहीच. आयुष्यभर गंजलेल्या मोटारी खोलल्या, माझ्या हातात ताकद आहे.

"पप्पा, ऱ्हाऊ द्या," आशू म्हणाली. ती माझ्याकडं बघतच नव्हती. त्या सीटकडं बघून म्हणाली, "आत्या, सांगते. मीच सांगते."

"काय सांगतीस?"

"आत्याला ठाऊक व्हतं. मीच तिला शपथ घातली व्हती, पप्पाला सांगू नको म्हून."

आणि ती बोलायला लागली. इतक्या महिन्यांत बोलली नव्हती ते सगळं त्या रस्त्याच्या कडेला बोलली. परसात कडब्याची पत्र्याची खोली आहे. जावई तिला त्यात कोंडायचे. भर उन्हात, पाण्याच्या थेंबाशिवाय, भाजी बिघडली म्हणून, फोनवर जास्त बोलली म्हणून. मारायचे ते वेगळंच. कडी बाहेरून सासू लावायची. एकदा तिची शुद्ध गेली, तेव्हा शेजारणीनं ओरडा केला म्हणून दार उघडलं. आशूनं लपून फोन केला तो आत्याला. "आत्या म्हनली, रडू नको, आयतवारी गाडी घिऊन येते न्यायला. तुज्या बापाला गाडीत बसल्यावर सांगते, आधी सांगितलं तर तो भावकी गोळा करत बसंल. आन दुसऱ्या दिशी तुमचाच फोन आला... आत्या गेली म्हून."

मला बेल्टाचा धक्का मोठा बसला का या बोलण्याचा, ते अजून ठरवता येत नाही. कानात नुसता आवाज येत होता. आक्का माझ्या दुकानाच्या पायरीवर उभी दिसत होती. गाडीत बसल्यावर सांगते. आणि मी, भावकी गोळा करून, पोरीला त्याच पत्र्याच्या खोलीकडं स्वतःच्या हातानं घेऊन चाललो होतो. आणखी थोडं पुढं गेलो असतो तर पोचवून, चहा पिऊन, परत निघालो असतो.

तेवढ्यात जावयांचा फोन आला. "कुठवर आलात?"

"आमी येत न्हाई," मी म्हणालो. "आन तुमी बी आमच्या दाराला येऊ नका." पुढं ते काय बोलले ते ऐकलंच नाही. गाडी वळवली.

परतीच्या पूर्ण रस्त्यात मी डावीकडं नीट पाहिलं नाही. डोळ्याच्या कडेला तो काळा पट्टा दिसत होता, तसाच, वीतभर पुढं. घाटातल्या वळणावर गाडी कलली तेव्हा तो किंचित माझ्याकडं झुकला. आशू मागं बसून पुढच्या सीटच्या पाठीवर डोकं टेकून झोपली होती. कित्येक महिन्यांनी तिला अशी गाढ झोपलेली पाहिली.

वडवणीत दारासमोर गाडी थांबली. मंगलला मी फोन केलेला नव्हता. काय सांगणार होतो? ती बाहेर आली, मागं पोरगी पाहिली आणि तिचे डोळेच भरून आले. मग तिची नजर पुढच्या सीटवर गेली. बेल्ट पाहिला. आता ही किंचाळेल म्हणून मी बघतोय, तर ती हळूच म्हणाली, "आक्का उतरल्या न्हाईत आजून."

तिला ठाऊक काहीच नव्हतं. आत गेली, भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आली. आशूवरून ओवाळला. माझ्यावरून ओवाळला. मग पुढचं दार उघडून त्या रिकाम्या सीटवरून ओवाळून तुकडा लांब टाकला, पाणी फिरवलं, आणि डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, "या आक्का. पोरीला घिऊन आलात... या आता."

मी बटणाला बोट लावलं. नुसतं लावलं. खट्ट झालं आणि बेल्ट सर्रकन वर जाऊन खांबाला टेकला. सीटवर आशू वाकली, तळहातानं ती जागा चाचपली आणि तिथंच तोंड लपवून रडली. मंगलनं तिला उठवू दिलं नाही मला.

हे झाल्यावर माझ्यातला रिवायंडिंगवाला गप्प बसेल होय? दुसऱ्याच दिवशी सीट खोलली. सेन्सर मीटरवर तपासला, ठीक. जोड घट्ट. बक्कल खोलून पाहिलं, आत खडा नाही, गंज नाही. बीडला नेऊन गॅरेजमध्ये दाखवलं. ते म्हणाले बेल्ट गुंडाळणारं आतलं रीळ लॉक झालं असेल, कधी कधी होतं. बरं, रीळ लॉक झालं. मग रिकाम्या सीटवर तो ताठ उभा कसा राहिला? सेन्सर नेमका त्याच वळणावर का बोंबलला? बटण माझ्या दोन अंगठ्यांना दाद देत नव्हतं ते दारात एका बोटाला कसं सुटलं? ते म्हणाले, "काका, ऊन लई व्हतं त्या दिवशी." मी पण लोकांना असंच सांगत आलोय, त्यामुळं रागावता आलं नाही.

आशू आता आमच्याकडं आहे. केस बीडच्या कोर्टात चालू आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. शेजारीण साक्षीला तयार झाली आहे. पोरगी जेवते, भांडते, माझ्या दुकानात बसून कॉइल भरायला शिकते आहे. बेल्ट तेव्हापासून एकदाही अडकला नाही.

चहाच्या वेळी मी अजून हे सदर वाचतो, पण खोट काढणं बंद केलंय. पोरं विचारतात, काका, काटा हलतो का? काटा हलला नाही, हे खरं आहे. माझ्या कुठल्याच मीटरवर त्या दुपारचं काही दिसत नाही, आणि मला त्याचा अर्थ लागलेला नाही, लागेल असं वाटतही नाही. मला ठाऊक आहे ते इतकंच की माझ्या बहिणीला त्या आयतवारी एक गोष्ट सांगायची होती. ती म्हणाली होती, गाडीत बसल्यावर सांगते.